सिस्टरांनी लावायला लावलेले फोन

आमचं दुकान मुळात काचेचं. अब्बा काच कापायचे. खिडक्यांची, फोटोंची, आणि नंतर नंतर फिशटँकची. मी हाताशी आल्यावर टँकसोबत मासे ठेवले, मग लव्हबर्ड्स, मग पक्ष्यांचं खाणं. नांदेडात आमच्या भागात असं दुसरं दुकान नव्हतं, त्यामुळं बरं चालून राहिलं होतं. माशांचं खाणं न्यायला येणारी माणसं सारखी विचारायची, "कुत्र्याचं पिल्लू न्हाई ठेवत का?" इतक्या जणांनी विचारल्यावर वाटलं, ठेवून बघावं.

अब्बांना ते पटलं नाही. घरी अम्मीची कुरकुर वेगळी होती. कुत्र्याचा स्पर्श नापाक, म्हणून दुकानातून आलो की कपडे बदलल्याशिवाय ती मला आत घ्यायची नाही. अब्बांचं कारण दुसरंच होतं. ते म्हणाले, "मछली मरी तो गिऱ्हाईक गाली देता. कुत्ता मरा तो रोता. रोने वाले को क्या जवाब देंगा तू?" मी ते हसण्यावारी नेलं.

हैदराबादकडचा एक व्यापारी फोनवरच ओळखीचा झाला. त्याची पिलं सकाळच्या ट्रॅव्हल्सनं भाजीच्या क्रेटमध्ये यायची आणि प्रत्येकासोबत लसीचं एक रंगीत कार्ड असायचं. मी क्रेट धुवायचो, पिलं पुसायचो आणि सगळी एकाच पिंजऱ्यात ठेवायचो. पहिल्या दोन खेपा नीट गेल्या, आणि तेवढ्यावरच मला वाटायला लागलं की आपल्याला यातलं कळतं.

तिसऱ्या खेपेत नऊ पिलं आली. आठवड्याच्या आत सात विकली गेली. त्यातलं एक तपकिरी लॅब्राडॉर पन्नाशीच्या एका बाईंनी घेतलं. त्या लातूरला एका दवाखान्यात सिस्टर होत्या, नांदेडला बहिणीकडं आल्या होत्या. पिल्लू त्यांनी नुकतं जन्मलेलं बाळ उचलावं तसं उचललं. एक हात मानेखाली, एक बुडाखाली.

"मुलांसाठी का ताई?" मी विचारलं.

"मुलं मोठी झाली. माझ्यासाठी पाहिजे." मग जरा हसून म्हणाल्या, "लहानपणी लई हौस होती. पण आमच्या घरात माणसांनाच झोपायला जागा नव्हती."

बिलावर मी नेहमीचा शिक्का मारला: 'विकलेला प्राणी परत घेतला जाणार नाही.' त्यांनी तो वाचला आणि बिल घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. पिल्लू सकाळपासून उलट्या करतंय, खात नाही. मी म्हणालो, "जागा बदलली की होतं तसं. दहीभात द्या." दुसऱ्या दिवशी परत फोन. आता रक्ताची हगवण लागली होती. डॉक्टरांनी पार्व्हो सांगितला होता. हा रोग मला नावानं माहीत होता. पिलांना होतो आणि झाला की बहुतेक मरतात, एवढंच. मी म्हणालो, "ताई, माझ्याकडून गेलं तेव्हा चांगलं उड्या मारत होतं. तुम्ही काय खाऊ घातलं ते मला कसं कळणार?"

त्यांनी फोन ठेवला. सुटलो, असं वाटलं मला. हे लिहायला आजही जड जातं.

त्याच दुपारी बांधकामाची कंत्राटं घेणारा एक गुत्तेदार दुकानात आला. त्यानंही त्याच खेपेतलं पिल्लू नेलं होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून त्यानं ते माझ्या काउंटरवर ठेवलं. मेलेलं होतं. तो ओरडत होता, "माझी पोरगी दोन दिस झाले जेवून न्हाई राहिली! रोगट माल इकतो व्हय रे?" मीही आवाज चढवला. शिक्का दाखवला. "कोर्टात जा," म्हणालो. त्यानं जाताना टँकवर हात आपटला. काच तडकली नाही, पण मासे पार तळाला गेले. गोणी उचलून तो गेला. अब्बा मागं काच कापत बसले होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर दुकानाच्या पायरीवर दिसल्या, तेव्हा मी भांडणाच्या तयारीनंच उभा राहिलो. पहाटेच्या एसटीनं लातूरहून आल्या होत्या. पिल्लू सोबत नव्हतं. ते तिकडं जनावरांच्या दवाखान्यात सलाइनवर होतं आणि त्यांचे मिस्टर त्याच्याजवळ बसले होते.

"बसू का?" त्यांनी विचारलं. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या. पर्समधून लसीचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"भाऊ, हे तुम्ही वाचलंय का?"

"हाव. दोन्ही लसी झालेल्या हायत."

"इथं जन्मतारीख बघा. आता पहिल्या इंजेक्शनची तारीख बघा." त्यांनी बोट ठेवलं. "नऊ दिवसांच्या पिलाला लस दिली? डोळेसुद्धा उघडले नसतील त्याचे. आणि बाटलीवरचं लेबल इथं चिकटवायचं असतं, ते कुठंय? दोन लसी, महिन्याचं अंतर, आणि शाई एकच, सही एकच. एका बैठकीत लिहिलेलं आहे हे."

मी उरलेल्या दोन पिलांची कार्डं काढली. त्याच तारखा. तेच अक्षर. तीन खेपांमध्ये मी एकही कार्ड उघडून वाचलं नव्हतं. रंगीत आहे, शिक्का आहे, एवढं बघून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं होतं.

मागून काच कापण्याचा आवाज थांबला. अब्बांनी विचारलं, "तूने पढा नहीं था क्या रे?"

"नहीं अब्बा."

 ते परत काच कापायला लागले नाहीत.

मी गल्ल्याला हात घातला. सिस्टर म्हणाल्या, "ते नंतर. आधी मला सांगा, या खेपेतली किती पिलं विकली गेली आणि बाकीच्यांना तुम्ही कळवलं का?"

मी कोणालाच कळवलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आलं असतं तरी मी कळवलं नसतं. कोण स्वतःहून भांडणं बोलावून घेतं?

"बिलबुक काढा," त्या म्हणाल्या. वॉर्डात सुई मागतात तशा आवाजात. "मी नंबर सांगते, तुम्ही लावा. बोलायचं तुम्हीच."

त्यांनी मला काय बोलायचं तेही सांगितलं. पिल्लू कसं आहे हे आधी विचारायचं. मग सांगायचं, की खेपेत पार्व्हो निघालाय, कार्डावरच्या लसी खऱ्या नाहीत, आजच डॉक्टरकडं न्या, उलटी सुरू झालीच असेल तर उद्याची वाट बघू नका.

नांदेडातल्या दोघांचे फोन आधी लागले. एकाचं पिल्लू ठीक होतं. दुसऱ्याचं आदल्या दिवसापासून सुस्त पडलेलं. त्यानं मला शिव्या दिल्या, आत्ताच दवाखान्यात नेतो म्हणाला आणि फोन आपटला. माझे कान तापले होते. सिस्टर म्हणाल्या, "शिव्या देऊ द्या. गेला ना तो दवाखान्यात?"

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या. थोड्या वेळानं परत, "बरं. तुम्ही घरी जा, जेवून घ्या." फोन पर्समध्ये ठेवून पदरानं चष्मा पुसला. "हं, पुढचा कोणता? बिलोली."

बिलोलीचे एक शिक्षक होते. त्यांच्या पिलाला त्याच सकाळी दोन उलट्या झाल्या होत्या, पण शाळा सुटल्यावर बघू म्हणून ते शाळेत गेले होते. माझं ऐकून ते म्हणाले, "थांबा, मी आत्ताच अर्धी रजा टाकतो." ते पिल्लू वाचलं. पाच दिवस सलाइन लागलं, पण वाचलं. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, की संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं.

मग औसा. पोराला क्लासला सोडायला नांदेडला आलेले एक किराणा दुकानदार पिल्लू घेऊन गेले होते. फोन त्यांच्या आईनं उचलला. मी विचारलं, पिल्लू कसंय?

"गेलं की बाबा. परवा." म्हातारीचा आवाज बारीक झाला. "म्या शिरा केल्ता. त्यानं पुढं येऊन मागितला, म्या दिला घासभर. त्याच राती वकाया लागलं. घरातली सगळी म्हनत्यात की मीच..."

मी सिस्टरांकडं बघितलं. त्यांनी फक्त मान हलवली, सांगा.

"आज्जी, शिऱ्यानं न्हाई मेलं ते," मी म्हणालो. "ते माझ्या दुकानातूनच आजारी आलं होतं. त्याला लस दिलेली नव्हती आणि मी बघितलं न्हाई. तुमचा काही दोष न्हाई त्यात."

 मग ती म्हणाली, "म्हंजी माज्या हातानं न्हाई गेलं?"

"न्हाई आज्जी."

"थांब, सुनंला देते फोन. तिला बी सांग. माझं कोन ऐकून न्हाई राहिलं."

मी सुनेला सांगितलं. नंतर मुलालाही सांगितलं. तिघांना तेच तेच सांगताना मला कळलं, की आदल्या दिवशी सिस्टरांना 'काय खाऊ घातलं' असं विचारून मी काय केलं होतं. त्या बाईंनीही कदाचित रात्रभर हाच हिशोब केला असेल. आपण काय दिलं, किती दिलं, कधी दिलं. मी खुर्चीवर बसलो. अब्बा उठून माझ्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवून गेले.

जळकोटच्या बिलावर नंबर नव्हता, 'स्टँडजवळ हॉटेल' एवढंच लिहिलं होतं. गुत्तेदाराला फोन लावला, त्यानं कापला. सिस्टर म्हणाल्या, "तिथं तुम्हाला जावं लागेल."

निघण्याआधी त्यांनी पिंजऱ्यातल्या दोन्ही पिलांचे डोळे आणि हिरड्या बघितल्या. एक कोपऱ्यात मान टाकून बसलं होतं. ते वेगळं ठेवायला लावलं, मला हात धुवायला लावले आणि दोन्हींना लगेच डॉक्टरकडं न्या म्हणाल्या.

मी रिक्षानं त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. लातूरची गाडी लागलेली होती. तेव्हा कुठं मला विचारायचं सुचलं, "ताई, तुमचं पिल्लू आता कसंय?"

"गेलं. मगाशी फोन आला होता ना, तेव्हा."

 मी पैसे पुढं केले. त्यांनी ते घेतले, पर्समध्ये ठेवले. "हे माझे आहेत म्हणून घेते," म्हणाल्या. "पण मी त्यासाठी आले नव्हते. जळकोटला नक्की जा." आणि गाडीत चढल्या.

दुसऱ्या दिवशी जळकोटला गेलो. हॉटेलवाल्याचं पिल्लू भट्टीपासून लांब, सावलीत मजेत झोपलं होतं. त्याच्या म्हशीला बघायला आलेल्या डॉक्टरांनी आठवड्याआधी ते पाहिलं होतं आणि कार्डावर विश्वास न ठेवता स्वतः लस टोचली होती. एवढ्या लांब फक्त हे सांगायला आलो म्हटल्यावर त्या माणसानं मला भजी खाऊ घातली आणि पैसे घेतले नाहीत.

गुत्तेदाराच्या घरी मात्र मी बराच वेळ दारातच उभा होतो. शेवटी त्याची बायको बाहेर आली. मी सगळं सांगितलं, पैसे दिले, दुकानात ओरडलो त्याची माफी मागितली. तो आतून बाहेर आला नाही. मुलगी मात्र दारामागून बघत होती. तिनं विचारलं, "बाकीची पिल्लं जिवंत हायत?" मी म्हणालो, काही हायत. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं तिच्या बापाचा आवाज आला, "पाणी दे त्यांना."

दुकानातल्या दोन पिलांपैकी मान टाकलेलं माझ्या हातातच गेलं. दुसरं वाचलं, ते जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, की हा विषाणू जागेवर महिनोन्‌महिने राहतो, फिनेलनं भागत नाही. अब्बांनी आणि मी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं अख्खं दुकान दोनदा धुतलं. पिंजरा भंगारात टाकला. अब्बा गुडघ्यावर बसून फरशी घासत होते. मी त्यांना उठा म्हटलं, तर म्हणाले, "तू उस दिन फोन करता बैठा था ना, उत्ता तो मैं भी कर सकता."

त्यानंतर मी पिलं ठेवली नाहीत. कोणी विचारलंच, तर सांगतो की जिथं पिलाची आई बघायला मिळते तिथून घ्या, कार्डाच्या तारखा वाचा, लेबल बघा आणि घरी नेण्याआधी डॉक्टरला दाखवा. काही जण ऐकतात. काही म्हणतात, तुम्हाला विकायचं नाही म्हणून बोलून राहिलात. त्या व्यापाऱ्याला मी फोनवर बरंच बोललो. तो म्हणाला, सगळे असंच विकतात. तो अजून विकतो, मला माहीत आहे.

माझ्या मनात पुष्कळदा येतं, की सिस्टरांनी ग्राहक मंचात तक्रार केली असती, तर मी ती लढलो असतो. शिक्का दाखवला असता, कदाचित जिंकलोही असतो, आणि औशाच्या त्या आज्जीला कोणी काही सांगितलं नसतं.

मागच्या वर्षी एका काचेच्या कामासाठी लातूरला गेलो, तेव्हा त्यांच्या दवाखान्यात शिरलो. त्या वॉर्डात होत्या. मला बघून ओळखीचं हसल्या, "बसा भाऊ, दोन इंजेक्शनं राहिलीत." मी बाकावर बसलो. आभार कसे मानायचे याची वाक्यं वाटेत जुळवली होती. त्या चहा घेऊन आल्या आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "बिलोलीच्या मास्तरांचं कसंय?"

"मोठं झालंय," मी म्हणालो. "मास्तरांच्या आधी शाळेत जाऊन बसतंय म्हणे."

त्या खूप हसल्या. मग त्यांना कोणीतरी हाक मारली आणि त्या उठून गेल्या. मी चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि नांदेडची गाडी धरली.