दारातली गादी

जूनमधली गोष्ट. मंगळवारी सकाळी स्कारबरोत मृणालच्या घरी पोचले आणि दारातच माझं डोकं फिरलं... घर चकाचक होतं! फरशी पुसलेली, कुशन्स नीट लावलेली, किचनमधून पोह्यांचा वास.

आता कोणी म्हणेल, स्वच्छ घर बघून चिडणारी ही कोण बाई? सांगते.

माझा रायन एकोणीस वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. त्याच्यासाठी इथे परदेशात इतकी वर्षं भांडल्यावर कुठली मदत कुठे मिळते हे मला तोंडपाठ झालंय, म्हणून आमच्या चर्चच्या बेसमेंटमध्ये मी अशा मुलांच्या आईवडिलांचा ग्रुप चालवते. मदत द्यायची का हे ठरवायला कोणाकडे सरकारी होम व्हिजिट असली की सोबतीला जाऊन बसते.

मृणाल पुण्याची, नवऱ्याच्या जॉबमुळे इकडे आलेली. तिची ओवी सहा वर्षांची... ऑटिझम आहे, बोलत नाही, आणि दार उघडं दिसलं की सुटते. गेल्या विंटरमध्ये अनवाणी, बर्फातून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती. तेव्हापासून मृणाल मेन डोअरला गादी लावून तिथेच झोपते. झोपते कसली, पडते.

त्या दिवशी कोऑर्डिनेटर येऊन ठरवणार होती, या घराला रेस्पिट द्यायचं की नाही. म्हणजे ट्रेनिंग घेतलेली एक बाई आठवड्यातून काही तास येऊन ओवीला सांभाळणार, आणि आईला जरा श्वास घ्यायला मिळणार. मी मृणालला फोनवर बजावलं होतं, घर रोज असतं तसंच ठेव.

पण पुण्याहून सासूबाई आल्या होत्या ना! परकं माणूस घरी येणार आणि हा पसारा? त्यांनी गादी, डायपरचे खोके, ओवीने चावून फाडलेल्या उशा, सगळं बेसमेंटमध्ये ढकललं. ओवीला नवा फ्रॉक घालून, हातात टॅबलेट देऊन सोफ्यावर बसवलं. एरवी टॅबलेटवर बंदी, त्यामुळे ती पुतळ्यासारखी गप्प.

मला बघून सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "तुम्ही वसईच्या ख्रिश्चन ना? किती छान मराठी बोलता हो!" मी म्हटलं, "तुम्हीपण, काकू."

कोऑर्डिनेटर आली, डायान नावाची. भली बाई. पोहे मागून घेऊन खाल्ले आणि मग विचारलं, "सो, हाऊ आर थिंग्ज ॲट होम?"

मृणालने तेच केलं जे आपण सगळे करतो. कोणी कसं काय विचारलं की आपल्या तोंडून मजेत हा शब्द आपोआप निघतो... "गुड, गुड. वी मॅनेज." झोप होते का? "ओके." ओवी बाहेर पळते का? "समटाइम्स."

मी टेबलाखालून तिला पाय मारला. त्यापलीकडे काही करणार नव्हते, कारण माझा एक नियम आहे... सोबत माझी, पण बोलायचं आईवडिलांनीच. आज मी बोलले तर पुढच्या वेळी ती एकटी काय बोलणार? तोंड मिटून बसणं माझ्या स्वभावात नाही, हे मला ओळखणारे जाणतातच.

डायानने लॅपटॉप मिटला. "यू आर डूइंग अमेझिंग. अँड ग्रँडमा इज हिअर टू हेल्प!" सध्या इतरांना जास्त गरज आहे, तुमचं आपण पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणाली. मृणाल मान डोलावत हसत राहिली. ते हसू बघून मलाच रडू यायला लागलं.

सासूबाई चहा ओतत होत्या. ग्रँडमा शब्द ऐकून त्यांनी मला विचारलं, काय म्हणतेय ती? आता विचारलेलं सांगायला तर माझा नियम आड येत नव्हता. "म्हणतेय, आजी आहे मदतीला, मग कशाला कोण हवं."

"अहो, पण मी गणपतीला परत चाललेय!"

चहाचं भांडं तिथेच ठेवून त्या बेसमेंटमध्ये गेल्या. खालून धप्प धप्प आवाज यायला लागले... आणि सासूबाई जिन्यावरून गादी ओढत, धापा टाकत वर आल्या. कोणाला हात लावू दिला नाही. सगळ्यांच्या देखत ती मेन डोअरला आडवी टाकली आणि डायानकडे बघून म्हणाल्या, "माय सून. बेड हिअर. एव्हरी डे. नो स्लीप."

मग मृणाल बोलली. आधी इंग्लिशमध्ये, मग रडत रडत मराठीत, आणि मी ट्रान्सलेट करत गेले. तो बर्फातला दिवस, उभ्याने जेवणं, आंघोळीला जाताना ओवीला बरोबर न्यायला लागणं... सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या होत्या.

हे आधी का नाही सांगितलंस, असं डायानने विचारलं नाही. मला ते फार आवडलं. तिने फक्त लॅपटॉप पुन्हा उघडला, चहा घेतला आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.

तास मंजूर झाले. मध्ये दोनतीनदा फोन करून मागे लागावं लागलं, ते तर लागतंच. आता दर शनिवारी एक बाई येते, ओवीला पार्कात नेते. दाराला अलार्मही बसलाय.

परवा शनिवारी मृणालच्या नंबरवरून फोटो आला. भर दुपारी मृणाल सोफ्यावर, तोंड उघडं, गाढ झोपलेली! खाली सासूबाईंनी लिहिलं होतं, "कोणी बेल वाजवू नये म्हणून मी दारात बसलेय."

काकू, मानलं तुम्हाला... मनापासून थँक यू.

आणि बाकीच्यांनो, तुमच्याकडे अशी व्हिजिट ठरली असेल तर मला मेसेज करा, मी येते. पोहे जरूर करा... पण गादी जागची हलवू नका.