मामीला जाळ्याची जागा बघायची होती

माझी कमळमामी जळकी आहे. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि सगळा कोळीवाडाही बोलतो. कुणाकडे नवा फ्रीज आला की मामी हातातलं काम टाकून बघायला जाते. दार उघडते, लावते, आत हात घालून गार लागतंय का ते बघते आणि निघताना म्हणते, "ब्येस हाय. पन दार भिंतीला आपटंल." कुणाच्या सुनेची साडी असो की कुणाच्या नातवाचे मार्क, मामीला त्यात एक तरी खोड सापडतेच. लोकांना आता त्याचं काही वाटत नाही. उलट मामी नुसतं "बरा हाय" म्हणून उठली तर घरवाल्यांची तोंडं उतरतात, की वस्तू जळण्याइतकी चांगली नसावी.

मामाचा कोळीवाडा किहीमपासून जवळच. तुळशीराममामा होडीवर तांडेल आहे, म्हणजे होडी त्याची आणि होडीवरचा हुकूमही त्याचाच. बऱ्याच आत, खोल पाण्यात, मामाच्या घराण्याची जाळं बांधायची जागा आहे. त्याच्या आजोबांपासून चालत आलेली. तिथे दुसरं कुणी जाळं लावत नाही. भरती-ओहोटीच्या मधे पाण्याची ओढ थांबली की जायचं, जाळं उचलायचं, आणि बोंबील, जवळा, जे काय मिळेल ते घेऊन यायचं. पण होडी किनाऱ्याला लागली की मामाचं राज्य संपतं. तिथून पुढे मासळी मामीची. काय ताजं विकायचं, काय बांबूंवर वाळत घालायचं, अलिबागच्या बाजारात काय भाव सांगायचा, सगळं तीच ठरवते. मामाला विडी ओढायची झाली तरी तिच्यापुढे हात पसरावा लागतो.

अशा या बाईने लग्न झाल्यापासून मामाकडे एकच गोष्ट मागितली होती. तिला जाळ्याची जागा बघायची होती. आमच्याकडे बाया मासेमारीला होडीवर जात नाहीत. नारळी पुनवेला नटूनथटून बसतात, होडी जरा पुढे जाऊन वळते, फोटो निघतात, पण ते वेगळं. मामीला खरी जागा बघायची होती, जिथून तिची मासळी येते ती. मामा आधी म्हणाला, बाईमाणूस चढलं की होडीला बाट लागते. पुढे पुढे असं बोलायची त्याला लाज वाटू लागली, तेव्हा म्हणाला, इंजिनाचा धूर तुला सोसायचा नाही. मग म्हणाला, होडीवर बसायला जागाच नाही. मग म्हणाला, तू उलट्या करशील. मामी दर वर्षी विचारायची, मामा दर वर्षी नवं कारण काढायचा, आणि त्या दिवशी घरातलं कालवण खारट व्हायचं.

मी मनाली, मामाच्या बहिणीची मुलगी. आम्ही उरणला असतो, पण शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी मामाकडेच काढल्या, आणि पोहायलाही त्यानेच शिकवलं. आता नवी मुंबईत नोकरी करते. या फेब्रुवारीत ऑफिसमधल्या भाविकाबरोबर मी अंदमानला गेले. हॉटेलात राहून समुद्राला पाठ करून सेल्फी काढायला नव्हे. आठवडाभर शिडाच्या बोटीवर राहायचं, बेटाबेटांमधून फिरायचं आणि रोज पाण्याखाली उतरायचं, अशी ती सहल होती.

मला समुद्र नवा नव्हता, पण समुद्रावर असून काही काम नसणं नवं होतं. शिडात वारा भरला की कप्तान इंजिन बंद करायचा आणि एकदम सगळं गप्प व्हायचं. दोर तेवढे करकरायचे. पाणी इतकं स्वच्छ की तळाला टेकलेला नांगर वरून दिसायचा. आमच्याकडच्या पाण्यात हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. पाठीवर हवेची टाकी बांधून पहिल्यांदा खाली गेले तेव्हा तोंडातली नळी मी दातांत इतकी घट्ट धरली होती की संध्याकाळी जबडा दुखत होता. मग सवय झाली. पोवळ्यांच्या आडून मासे यायचे, पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि मला बघून बाजूलासुद्धा व्हायचे नाहीत. एकदा एक कासव अगदी शेजारून गेलं, बाजाराला निघाल्यासारखं, न थांबता. मला रडू येत होतं, पण पाण्याखालच्या चष्म्यात रडायची सोय नसते.

बोट बेटाजवळ आली आणि मोबाइलला रेंज मिळाली की मी फोटो पाठवायची. आईला एक आणि मामीला दहा. मुद्दाम. लहानपणी माझ्या प्रत्येक फ्रॉकमध्ये हिने खोड काढली होती. आता काढ म्हटलं. शिडाखाली पाय सोडून बसलेली मी, सुकाणू धरलेली मी, पाण्याखाली अंगठा वर केलेली मी. मामीचं उत्तर दर वेळी एकच यायचं: जेवलीस का. ती जळतेय हे मला कळत होतं आणि फार बरं वाटत होतं.

मामा मात्र अभिमानाने नुसता फुगला होता. भाची शिडाची बोट चालवते म्हणून त्याने जेटीवरच्या एकूण एक माणसाला फोटो दाखवले, आणि तेही मामीच्या फोनवरून, कारण त्याचा फोन साधा. मामी मासळी निवडत बसलेली असायची आणि हा येऊन तिच्याकडे फोन मागायचा.

परत आल्यावरच्या शनिवारी मी मामाकडे गेले. मामी अंगणात बोंबील वाळत घालत होती, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "काळी ठिक्कर पडलीस गो. आता कोन करल तुला?"

मला हायसं वाटलं. मामी ठणठणीत होती.

दुपारी जेवताना मी पाण्याखालचा व्हिडिओ लावला. मामाचं "आरं तिच्या, आरं तिच्या" चाललं होतं. मी मामीच्या खोडीची वाट बघत होते. या रंगीत माशांना चव नसणार, एवढं तरी ती म्हणेलच अशी माझी खात्री होती.  पण व्हिडिओ संपला तसा तिने बोटाने परत सुरू केला, शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "खाली उजेड असतो?"

"असतो ना. वरून येतो."

"मना वाटायचं, काळोख असल."

तिने हे इतक्या हळू म्हटलं की मला तिला खिजवायचं सुचेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी मामाकडे वळले आणि सहज म्हटलं, "मामा, मला एकदा आपल्या जाळ्यावर ने ना."

"चल की," मामा हात धुता धुता म्हणाला. "उद्याच चल. सकाळी पानी थांबतं."

मामीच्या हातात उष्टी ताटं होती. तिने ती खाली ठेवली, आवाज न करता, आणि मामाकडे बघितलं. मामीला जळताना मी शेकडो वेळा पाहिलंय. ते जळणं चुलीसारखं, थोडा धूर, थोड्या ठिणग्या, आणि चार लोकांची करमणूक. हे तसं नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. इतकी वर्षं मागूनही जे तिला मिळालं नाही, ते मला एका वाक्यात मिळालं होतं. तिला माझा हेवा नुसता वाटत नव्हता, तो तिला दुखत होता. तिच्या फोनमधले माझे सगळे फोटो पुसून टाकावेत असं मला वाटलं.

मामाच्याही काहीतरी ध्यानात आलं असावं, पण अर्धवटच. तो घाईघाईने म्हणाला, "कमळ, तू पन चल. पोरीच्या संगतीला बाईमानूस हवंच. खलाशी हायत होडीवर."

यापेक्षा तो गप्प बसला असता तर बरं झालं असतं. माझ्या सोबतीला! मामी आता ताट फेकून मारणार असं मला वाटलं, आणि खरं म्हणजे तिने मारावं असंही वाटलं. पण तिने ताटं उचलली आणि मोरीवर गेली. मी तिच्या मागोमाग गेले आणि म्हटलं, "मामी, मी नाही जात. तू एकटीच जा."

"गप ऱ्हा," भांडी घासता घासता ती म्हणाली. "तू न्हाय गेलीस तं तो मना पन नेनार न्हाय."

सकाळी मामी आली ती लग्नाला निघाल्यासारखी. ठेवणीतलं लुगडं, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं, केसांत अबोलीचा गजरा. जेटीवर मासळीची वाट बघत बसलेल्या बाया बोलायच्या थांबल्या. मामीने त्यांच्यातल्या एकीकडेही बघितलं नाही. होडीत चढताना तिने कुणाचा हात धरला नाही, मामाने पुढे केलेलाही नाही. बायांची तोंडं मात्र मी बघून घेतली. आज जळायची पाळी त्यांच्यावर होती.

होडी निघाल्यावर मी शहाणपणा करायला गेले. लांब बघत राहा म्हणजे मळमळत नाही, असं सांगितलं. "तुझ्या बोटीवरचं तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली. मागच्या फळीवर ती ताठ बसली होती आणि किनारा लांब गेला तरी तिने वळून बघितलं नाही. इंजिनाचा धूर थेट तोंडावर येत होता, तिने नाकाला पदर लावला नाही. उलटी केली नाही. बसायला जागाही भरपूर होती. मामाची सगळी कारणं एकेक करून निकालात निघत होती, आणि मामा सुकाणू धरून तिची नजर चुकवत होता.

बऱ्याच वेळाने इंजिन मंदावलं. "आलं," मामा म्हणाला.

चहूकडे मातकट पाणी. त्यात एक निळं प्लॅस्टिकचं पिंप तरंगत होतं, शेवाळ धरलेलं, खाली दोराने बांधलेलं. बाकी काही नाही. एरवी कुणी मला हे दाखवलं असतं तर मी तोंडावर हसले असते. मामीने पिंपाकडे बघितलं. पिंपाच्या पलीकडे बघितलं. मग कडेवरून वाकून खाली पाण्यात बघितलं, जिथे काहीच दिसत नव्हतं.

"हीच?"

"हीच," मामा म्हणाला. "काय हाय बघन्यासारखं? म्हनून तं न्हवतो आनत."

"काय न्हाय तं एवढी वर्सं लपवलीस कशाला?"

दोन्ही खलाशी अचानक दोराशी फार खटपट करू लागले.  मला वाटलं, आता आणखी एक कारण निघणार. पण मामा सुकाणू सोडून आला आणि तिच्यासमोर बसला.

"किनाऱ्यावर सगळं तुजंच हाय," तो म्हणाला. "मासळी तुजी, भाव तुजा, पैसं तुजं. लोक मना कमळचा दादला म्हनून ओळखतात. हितं तेवढा मी हाय. तू हितं आलीस आनि हितं पन खोड काढलीस, तं मी जाऊ कुठं?"

आमच्या घरात जळकं माणूस एकच आहे अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. हा माणूस एका पिंपाभोवतीच्या पाण्यासाठी बायकोवर जळत आला होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

मामीचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत.

"माझी बाजारातली जागा तू बघितलीस कदी?" तिने विचारलं.

मामाने नाही म्हणून मान हलवली.

"जळकी तं जळकी, पन मी इचारलं तरी. दर वर्साला इचारलं. तू एकदा तरी इचारलंस, कमळ, तू बसतेस कुठं?"

जाळं वर येत होतं, खलाशांना हात हवा होता, पण मामा उठला नाही. मी होडीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आठवडाभर मी जगातली सुंदर बेटं बघून आले, पण तिथे मला कुणी असं काही विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. त्या दोघांचा मला हेवा वाटला, अगदी जीव जळेपर्यंत.

"कुठं बसतेस?" मामाने शेवटी विचारलं.

मामी सांगू लागली. भिंतीच्या कडेला, नळाच्या अलीकडे. सकाळी सावली असते, मग ऊन थेट पाटीवर येतं आणि बर्फ टिकत नाही. शेजारी किशोरी नावाची बाई बसते. ती गोड बोलत बोलत आपली पाटी सरकवते आणि मामीच्या जागेत घुसते, आणि मामी रोज तिची पाटी पायाने मागे लोटते.

मामा सगळं ऐकत होता. "उद्या येतो मी," तो म्हणाला. "सुनावतो तिला चांगलं."

"बघायला ये," मामी म्हणाली. "भांडायला मी हाय."