लाजवंतीबाईंचे गठ्ठे

“गठ्ठे कुणी सोडले गं?” शेख सरांनी दारातूनच विचारलं.

“मी, सर. विषयवार लावलेत. पाणी, मजुरी, दारू...”

सर मटकन खुर्चीत बसले.

मी परभणीच्या एका कॉलेजात बी.ए.ला आहे. दुपारी तिथल्याच लायब्ररीत काम करते. शेख सर ग्रंथपाल. लाजवंतीबाई वारल्यावर त्यांचे कागद आमच्याकडे नुकतेच आले होते. बाई फाळणीत लहानपणी कराचीहून आल्या. मराठी इथल्या बाजारात शिकल्या आणि पुढे मराठीतच साप्ताहिक काढलं. गावोगाव जाऊन बायकांच्या तक्रारी स्वतः लिहून घ्यायच्या, छापायच्या, तहसीलवर मोर्चे न्यायच्या.

सर दोन दिवस ट्रेनिंगला होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणी सांगण्याआधी काम करून दाखवावं, असं मला सारखं वाटतं. ते नडलं.

“कागदावर गाव कुठंय, दाखव.”

नव्हतं. नावही नव्हतं. कागद गावपुढाऱ्याच्या हाती पडला तर तक्रार सांगणारी बाई ओळखू येऊ नये, म्हणून. गाव फक्त गठ्ठ्याच्या फडक्यावर शाईने लिहिलेलं. माणसाने कागद ज्या क्रमाने ठेवले, तो मूळ क्रम मोडायचा नाही, हा जुने कागद जपण्याच्या कामातला पहिला नियम. मला तो माहीत नव्हता.

गुरुवारी बाईंची मुलगी, कमलाताई, गाववार यादी न्यायला येणार होत्या. तक्रार सांगणाऱ्या ज्या बायका हयात आहेत, त्यांना त्यांचे कागद गावात जाऊन वाचून दाखवायचे होते.

“आता गाव कोण सांगणार? कागद खाणारी कसर?” सर म्हणाले.

मी एक कागद खिडकीशी धरला. कसरीने पाडलेली बारीक भोकं दिसली. त्यावर दुसरा ठेवला. जुळेना. तिसरा, चौथाही नाही. सातवा ठेवला आणि तीन भोकांतून उजेड आरपार आला.

“सर, फडकी द्या. कसरीची भोकं त्यांनाही असतील. पोखर्णीचं आधी.”

पोखर्णीचं जुळलं नाही. सोनपेठचं जुळलं.

“लय शहाणी हाय कसर,” सर म्हणाले. “तिनं क्रम मोडला न्हाई.”

तीन दिवस आम्ही दोघं तेच करत होतो. शेवटी अकरा कागद उरले. त्यांना भोकच नव्हतं. अंदाजाने कुठेतरी घालावेत, असं क्षणभर मनात आलं. पण चुकीचं गाव लिहिलं असतं तर तो कागद त्या बाईपर्यंत कधीच पोचला नसता. मी यादीत लिहिलं : गाव माहीत नाही. गठ्ठा मी सोडला.

कमलाताईंनी ती ओळ दोनदा वाचली.

“म्हणजे हे अकरा सगळ्याच गावांत वाचावे लागतील. ज्या बाईचा असेल, ती ओळखेल. वाचणार कोण?”

“मी.”

“मोठ्यानं बोल की पोरी.”

“मी वाचते, ताई.”

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याबरोबर एसटीने जाते. अकरांपैकी चार बायका सापडल्या. चारठाण्याच्या एकीने तर मला मधेच थांबवून पुढचं वाक्य स्वतःच म्हटलं. सात राहिल्यात.

आता गठ्ठा सोडण्याआधी मी प्रत्येक कागदावर पेन्सिलीने नंबर टाकते. त्याला दहा मिनिटं लागतात.