नासपतीच्या कागदाचा कोट

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा पुरती सांगितलेली नाही. निम्मी तिला माहीत आहे, कारण तेवढ्याला ती हजर होती. उरलेली आता लिहितो.

ऐंशी सालानंतरची काही वर्षं मी सॅक्रामेंटोच्या खालच्या अंगाला, नदीच्या फाट्यांमधल्या बेटांवर कामाला होतो. बेट म्हटलं की नारळ आणि वाळू आठवते. तसलं काही नाही. ही बेटं म्हणजे बांध घालून नदीच्या तोंडातून काढून घेतलेली शेतं. जमीन पाण्याच्या पातळीखाली, त्यामुळे पंप सतत चालू. बांध कुठे पाझरतोय, पंप किती तास चालला, हे दर महिन्याला बघून यायचं, ही माझी नोकरी.

सगळ्यात लहान बेटावर पंपाच्या खोलीची किल्ली एका चिनी म्हाताऱ्याकडे असे. ऐंशीच्या घरातला. उभा जन्म नासपतीच्या बागांत आणि पॅकिंगच्या शेडमध्ये गेलेला, लग्न नाही. लाकडी घरांची एक गल्ली होती, तिच्यात त्याच्यासारखे सात-आठ म्हातारे उरले होते. त्याचं इंग्रजी तोडकं, माझं सांगलीचं, पण आमचं जमायचं. तो मला ‘इंजिनियर’ म्हणायचा, मी त्याला ‘अंकल’. किल्ली देण्याआधी त्याचा प्रश्न ठरलेला.

“इंजिनियर, वडील कसे आहेत? कधी आणतोस?”

पहिल्या भेटीत मीच हौसेनं सांगितलं होतं, की वडील सांगलीला एकटे असतात, ड्रॉइंग मास्तर होते. तो स्वतः चौदाव्या वर्षी घर सोडून आलेला, वडिलांना पुन्हा कधी न भेटलेला. म्हणून विचारायचा. मला मात्र ते टोचायचं. कारण अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रत्येक पत्रात तेच लिहीत होते. ‘एकदा येऊन तुझं घर बघावं म्हणतो. तिकडे थंडी फार असते म्हणे. कोट शिवून घेऊ का?’

मी उत्तरात हवापाणी कळवायचो. कोटाबद्दल अवाक्षर नाही. बायको म्हणायची, “अरे, बोलाव ना त्यांना. मी आणि छोटी बाहेर सोफ्यावर झोपू.” मी म्हणायचो, मोठं घर झालं की बघू. मोठं घर झालं. मग म्हणालो, मुलगी शाळेत जाऊ दे. खरं कारण वेगळं होतं आणि फार क्षुद्र होतं. अण्णा सकाळी मोठ्यांदा खाकरायचे. धोतर नेसायचे. दिसेल त्याला थांबवून पगार विचारायचे. आमच्या स्विमिंग पूलच्या कडेला ते धोतरात उभे आहेत आणि माझा बॉस गाडीतून उतरतोय, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलायचं नाही. बॉस आमच्या घरी एकदाही आला नाही.

एकदा म्हाताऱ्यानं नेहमीसारखं विचारलं आणि मी किल्ली घेता घेता म्हणालो, “गेले.”

प्रश्न थांबावा म्हणून. दुसरं काही नाही.

“कधी?”

“मागच्या महिन्यात.”

त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मी पंपाची नोंद घेऊन बाहेर येईपर्यंत तशीच हातात धरून उभा राहिला.

ऑगस्टात, आपल्याकडे राखी पौर्णिमा असते त्या सुमाराला, त्यांचा पितरांचा सण येतो. गेलेली माणसं तेव्हा भुकेली होऊन परततात, म्हणून त्यांना जेवू घालायचं. कागदाचे कपडे करून जाळायचे, म्हणजे ते त्यांना पोचतात. ज्यांच्या मागे कोणी नाही त्यांना तर आठवणीनं द्यायचे, आणि त्या बेटावर तसे पुष्कळ होते. म्हाताऱ्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. भर दुपारी गल्लीत लांब टेबल मांडलेलं, वर भात, भाजलेलं डुक्कर, संत्री, नासपती, आणि समोर रिकाम्या खुर्च्या.

“ही तुझ्या वडिलांची,” तो एका खुर्चीला हात लावून म्हणाला. “डुक्कर खायचे ना?”

“नाही.”

“मग त्यांच्या वाटचं माझ्याकडे सरकव,” शेजारचा एक बोळका म्हातारा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

“काय पाठवू त्यांना? काय हवं होतं?”

“कोट,” मी म्हणालो. इतकं खोटं बोलून झाल्यावर हे एक खरं तोंडातून कसं निघालं, कोण जाणे.

उंची विचारली, मी माझ्या कानापर्यंत हात नेऊन दाखवली. नासपती गुंडाळायचा पातळ कागद असतो, त्याचा त्यानं कोट कापला, भाताच्या खळीनं चिकटवला. अण्णांचं नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि आतल्या बाजूला आपल्या लिपीत लिहिलं. मग बांधावर, तेलाच्या जुन्या पिंपात, त्यानंच काडी लावली आणि नदीकडे तोंड करून अण्णांना नावानं हाक मारली.

जिवंत माणसाचं श्राद्ध. आपल्याकडे भांडणातही हे शब्द सहसा कोणी उच्चारत नाही. मी ते हात जोडून पाहिलं. पण कबूल करायचं ते याहून वाईट आहे. परत येताना गाडीत मला हलकं वाटत होतं. कोट पोचला, असं वाटत होतं. अण्णांच्या पुढच्या पत्रात पुन्हा कोट होता, आणि मला तो पूर्वीसारखा टोचला नाही.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं. तिसऱ्या वर्षी बायको आणि मुलगी हट्टानं बरोबर आल्या. चिनी लोकांची सर्वपित्री आहे, एवढंच मी सांगितलं होतं. म्हातारा कागदाच्या कोटावर कुंचल्यानं गुंड्या काढत होता. सहा वर्षांची माझी मुलगी त्याच्या कोपराशी उभी राहून बघत होती.

“माय ग्रँडपा ड्रॉज बेटर दॅन यू,” ती म्हणाली. “ही सेंट मी अ बुल.”

मागच्याच आठवड्यात अण्णांनी पत्रातून बेंदराचा बैल काढून पाठवला होता.

“कुठला ग्रँडपा?” त्यानं विचारलं.

“ह्यांचे वडील,” बायको कौतुकानं इंग्रजीत म्हणाली. “इंडियात असतात.”

त्यानं हातातली गुंडी पुरी केली. कोट वाळू दिला, घडी घातली आणि मला गाडीपाशी बाजूला घेतलं.

“हा तुझ्याकडे ठेव. तिकडे घ्यायला कोणी नाही.” मग म्हणाला, “मी त्यांना हाका मारतोय, इंजिनियर. खुर्चीवर कोणी येऊन बसल्यासारखं वाटायचं नाही. मला वाटलं, माझा उच्चार चुकतो.”

मी कोट हातात घेतला.

“माझे गेले ते मला चार वर्षांनी कळलं. तुझे आहेत. जा, घेऊन ये.”

वाटेत बायकोनं विचारलं, “ते एकदम असे का झाले रे?” मी म्हणालो, “काही नाही, थकले असतील.” तिची निम्मी गोष्ट इथे संपते.

त्याच आठवड्यात मी अण्णांच्या व्हिसासाठी पत्र टाइप करायला घेतलं. बँकेचा एक कागद राहिला होता. मग दिवाळी आली. मग हिवाळी पाऊस आणि बांधांची धावपळ. पत्र ड्रॉवरमध्ये होतं. अण्णांना मात्र मी लिहून टाकलं होतं, ‘कागद करतोय, तयारीत राहा.’

मार्चमध्ये चुलतभावाचा फोन आला. मी पोचलो तोवर चार दिवस होऊन गेले होते. अग्नी त्यानंच दिला होता. कपाटात तपकिरी लोकरी कोट टांगलेला होता, कच्चे टाके तसेच.

“शिंपी फिटिंगला बोलावत होता,” चुलतभाऊ म्हणाला. “काका म्हणायचे, आधी तारीख येऊ दे. तू घालून बघ की.”

मला तो आखूड झाला असता. मी हात लावला नाही.

त्या ऑगस्टात मी एकटाच बेटावर गेलो. खुर्च्या दोन वाढल्या होत्या, म्हातारे दोन कमी झाले होते. माझ्या हातातला कागदाचा कोट त्यानं पाहिला. काही विचारलं नाही. टोपीही काढली नाही. ती तो एकदा काढून बसला होता. कोट उघडून त्यानं आतलं नाव नीट वाचलं, बांधावर पिंपापाशी आला आणि काड्यापेटी माझ्यापुढे धरली.

“या वेळी तू लाव.”

पातळ कागद. मी हात मागे घेईपर्यंत संपला.

“आता हाक मार,” तो म्हणाला.

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. तो बराच वेळ थांबला आणि शेवटी त्यानंच नदीकडे वळून हाक मारली. उच्चार अगदी बरोबर होता. पहिल्या वर्षापासूनच बरोबर होता.