उस्तादबाईंची आडवी जीप

वळण घेताना उस्तादबाई समोरच्या काचेतून बघत नसत. बाजूच्या खिडकीतून बघत. जीपचं तोंड एकीकडे, जीप निघालेली दुसरीकडे आणि बाईंची नजर नेमकी जीप निघाली त्या बाजूला. दर्यापूरच्या बाहेर एका पडीक वावरात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा एका रिकाम्या पिंपाला वळसा घालत ती जुनी जीप आडवीच्या आडवी माझ्याकडे सरकत येत होती. मागच्या चाकांतून काळ्या चिखलाचा पंखा उडत होता. आणि खिडकीत पन्नाशीच्या एक बाई, पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर चष्मा, मोठ्या शांतपणे माझ्याकडे बघत होत्या. मी बांधावरून दोन पावलं मागे झाले. जीप माझ्यापासून बरीच लांब थांबली.

"काय पाहून राहिली वं?" त्यांनी विचारलं. "शिकाचं हाये का?"

मी चांदूर रेल्वेची. कृषी सहायक म्हणून दर्यापूर तालुक्यात नवीनच लागले होते. गावोगाव फिरायचं काम, आणि पावसाळ्यात तिथली काळी माती म्हणजे रस्त्यावर लोणी पसरल्यासारखी. स्कूटीवरून तीनदा पडल्यावर मी एक जुनी चारचाकी घेतली होती. लायसन होतं; चालवायचा धीर नव्हता. तहसीलीतल्या एकाने सांगितलं, उस्तादबाईंकडे जा. त्या गाडी चालवायला शिकवत नाहीत, घसरवायला शिकवतात. मला वाटलं, थट्टा करतोय.

उस्तादबाई हे नाव जीप स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी दिलेलं. आधी चिडवायला दिलं होतं. बाई पहिल्यांदा प्रवासी भरून स्टँडवरून निघाल्या त्या दिवशी म्हणे शिट्ट्या वाजल्या होत्या. मी तिथे पोहोचले तोवर तेच ड्रायव्हर आपापल्या भाच्या-पुतण्यांना त्यांच्याकडे पाठवत होते आणि नाव घेताना आवाज जरा खाली आणत होते.

ती जीप मूळची त्यांच्या यजमानांची. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ पंधरा वर्षं दर्यापूर ते अकोला शेअर जीप चालवत होते. एका पावसाळ्यात रिकामी जीप परत आणताना एका वळणावर मागची चाकं सरकली. भाऊंनी कुणीही करील तेच केलं, होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. जीप सरळ नाल्यात गेली. भाऊ वाचले, पण कमरेखालचं अंग गेलं. गॅरेजमधून जीप दुरुस्त होऊन आली तेव्हा विकायला गिऱ्हाईक तयार होतं. बाई म्हणाल्या, थांबा. लहानपणी वडिलांच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या, एवढंच त्यांचं शिक्षण. चार महिने त्या रोज पहाटे या वावरात येऊन जीप मुद्दाम घसरवत होत्या. त्या नाल्याकडे घेऊन गेलेला तो एक क्षण त्यांना कळून घ्यायचा होता. तो त्यांनी हजार वेळा पुन्हा घडवला, हळूहळू, चारी बाजूंनी, कळेपर्यंत.

"त्याहीले कोनी शिकवलंच नोतं वं," त्या मला म्हणाल्या. "पंधरा वर्षं गाडी चालवली. पन ते सुटते कशी, हे त्याहीले त्याच दिवशी समजलं."

मला शिकवताना त्यांनी पहिल्याच दिवशी गाडी सुटू दिली. मला वाटलं होतं, आधी गिअर, मग क्लच, मग पुढचं. त्या म्हणाल्या, ते तुझं तुला येतंच. पिंपाजवळ आलं की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, स्टिअरिंग जोरात फिरवायचं आणि मागची चाकं सुटली की ज्या बाजूला घसरतंय त्याच बाजूला स्टिअरिंग द्यायचं. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात मागचा भाग सरकला तशी मी किंचाळले, डोळे मिटले आणि ब्रेकवर उभीच राहिले. जीप भोवऱ्यासारखी फिरली आणि उलट्या दिशेला तोंड करून थांबली. बांधावर निंबाखाली भाऊ खुर्चीत बसले होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. तिकडूनच ते म्हणाले, "दाबला."

भाऊ कधीच वळून बघत नसत. नुसतं ऐकत. पण माझा पाय कुठे आहे ते त्यांना बरोबर कळायचं. आणि त्या आवाजात राग नसायचा, ही गोष्ट मला अजून आठवते.

"चाकाले एका टायमाले एकच काम सांगता येते," बाई मला समजावत. "थांब म्हन, नाईतर वळ म्हन. दोन्ही सांगतलं का ते कोनाचंच आयकत नाई. पुन्ना चाल."

त्यांचा 'पुन्ना' फार मोठा होता. महिनाभर रोज सकाळी कचेरीच्या आधी मी त्या वावरात चिखल उडवत होते. मग एका सकाळी जीप सुटली आणि माझा पाय ब्रेककडे गेलाच नाही. स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, जणू त्याला काही जोडलेलंच नाही. पिंप, निंब, भाऊंची पाठ सगळं काचेसमोरून सावकाश बाजूला सरकत गेलं. मला जिथे जायचं होतं ते खिडकीत दिसत होतं. मी तिकडे बघत राहिले आणि जीप तिकडे गेली. बाईंनी शाबासकी दिली नाही. फक्त म्हणाल्या, "झाली वळख."

एकदा अमरावतीहून कॉलेजची तीन पोरं आली. चकचकीत गाडी, मोबाइल काठीला लावलेला. त्यांना चौकात गाडी आडवी करून व्हिडिओ काढायचा होता. बाईंनी विचारलं, "काहून?" पोरं हसली. एक म्हणाला, "फास्ट जाते ना काकू, वळणावर." बाईंनी त्याच्याच मोबाइलवर वेळ मोजायला सांगितलं आणि स्वतः पिंपाभोवती जीप काढली. एक फेरी धूळ उडवत, आडवी. दुसरी फेरी अगदी साधी, आधीच वेग कमी करून, चाक न सुटू देता. साधी फेरी लवकर संपली. पोरांनी पुन्हा मोजली. तेच. पोरगा जरा हिरमुसला.

"मंग घसरवाची कायले?"

"तू घसरवली नाई तरी ते एक दिवस घसरनारच हाये, बाबू," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुही न् घसरनीची पयली भेट नसली पायजे."

दोघं निघून गेले. तिसरा पुढचे दोन महिने दर रविवारी येत होता.

आणि मग चिखलदऱ्याचा तो दिवस. आम्ही कचेरीतल्या तिघी तिथली कॉफीची झाडं पाहायला बाईंच्या जीपने गेलो होतो, चालवायला बाईच. परतताना दुपारचं ऊन होतं, रस्ता कोरडा, आम्ही गाणी म्हणत होतो. घाटात एका जागी दुरुस्तीचं काम चालू होतं आणि रस्त्यावर बारीक गिट्टी पसरलेली. वळण घेतलं तर समोर बस. बंद पडून रस्त्यात तिरपी उभी, आणि माणसं उतरून रस्त्यावर पसरलेली. बायका, पिशव्या, काठी टेकून उभा एक म्हातारा. उजवीकडे दरी.

बाईंनी ब्रेकला नुसता पाय लावला आणि काढला. गिट्टीवर दाबून धरला असता तर आम्ही त्या माणसांमध्येच जाऊन थांबलो असतो, हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला फेकलं. मागची चाकं सुटली. जीप आडवी झाली आणि आडवीच सरकू लागली. खिडकीतून तो म्हातारा मोठा मोठा होत आला. बाई मात्र त्याच्याकडे बघत नव्हत्या. बस आणि डोंगर यांच्यामधल्या रिकाम्या पट्ट्याकडे बघत होत्या. त्यांचे हात एकदा इकडे, एकदा तिकडे फिरले, भाकरी थापताना फिरतात तसे, घाई नसल्यासारखे. जीप त्या पट्ट्यात शिरली, चाक नालीत उतरलं आणि आम्ही थांबलो. म्हातारा आमच्यापासून हातभर अंतरावर होता. त्याची काठीसुद्धा हलली नव्हती.

मग एकच गलका झाला. बसचा कंडक्टर धावत आला आणि बाईंना हात जोडू लागला. कुणी म्हणालं, अशी ड्रायव्हर जन्मात नाही पाहिली. बाई खाली उतरल्या, दगडावर बसल्या. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांना उघडता येईना.

"वाहवा कायची करता?" त्या कंडक्टरला म्हणाल्या. "मी वळणाआंदी जोरात होती. पोरीईचे गाने आयकत होती. चूक माही हाये." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे जे पायलं ना तू, हे चुकीच्या नंतरचं काम हाये. हळू असती तर हे काई करा लागलंच नसतं."

मी त्या दिवसापर्यंत त्यांच्या हातांनी दिपले होते. त्या दगडावर बसलेल्या बाईंपुढे मी खऱ्या अर्थाने नमले. इतकी विद्या अंगात असलेलं माणूस, आणि टाळ्या वाजत असताना स्वतःची चूक मोजत बसलेलं.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. भाऊ गेले तेव्हा मी दर्यापूरला जाऊन आले. बाईंनी शिकवणं चालू ठेवलं होतं. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, अकोल्याला ऑपरेशन करायचं ठरलं होतं. "जीप म्या उभी करून ठेवली," त्या म्हणाल्या. "पिंप दिसत नाई मले आता. एसटीनं येतो मी." मी म्हटलं, बाई, मी न्यायला येते.

निघालो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. थोडा वेळ त्या बोलल्या, मग गप्प झाल्या. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. जागोजागी बाजूने कच्ची वाट काढलेली. एका वाटेवर टँकरने नुकतंच पाणी मारलेलं होतं, पण मुरूम संपून पुढे नुसती काळी माती होती, हे मला वरून दिसलं नाही. वळणावर मागची चाकं सुटली. समोरून कापसाचा ट्रॅक्टर येत होता. मी पाय अलगद उचलला, घसरत होती तिकडे स्टिअरिंग दिलं आणि मला जायचं होतं तिकडे बघितलं. गाडी क्षणभर आडवी वाहत गेली आणि सरळ झाली. ट्रॅक्टर बाजूने निघून गेला. मी बाईंकडे पाहिलं. त्यांची मान दाराला टेकलेली होती, तोंड किंचित उघडं. त्या गाढ झोपल्या होत्या.

दवाखान्यापुढे गाडी थांबवली तेव्हा त्यांना जाग आली. खाली उतरून त्यांनी आधारासाठी गाडीवर हात ठेवला. हाताला ओला चिखल लागला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, पुढच्या चाकापासून मागच्या दारापर्यंत, खिडकीच्या काचेपर्यंत उडालेला. मग हळूहळू गाडीला वळसा घालून दुसरी बाजू चाचपली. ती जवळजवळ कोरडी होती. त्यांनी पदराने बोटं पुसली.

"मले दुसऱ्याच्या गाडीत कदी झोप लागत नाई," त्या म्हणाल्या. आणि माझा दंड धरून पायऱ्या चढू लागल्या.