उरलेला प्याला

आबांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मी प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचा प्याला पुढं धरून म्हटलं, "ख्रिस्ताचं रक्त." ते वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून होते. मान वर न करताच म्हणाले, "बाईच्या हातनं न्हाई." आणि उठले. त्यांच्यामागं अख्खी रांग उठली.

लोणावळ्यातलं आमचं चर्च इंग्रजांच्या वेळचं, अँग्लिकन. वेदीवरची फडकी बावीस वर्षं मीच धुते. प्याल्याची कड पुसायचं फडकं वेगळं धुवायचं, त्याचं पाणीसुद्धा गटारात जाऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशी ओतायचं. तेव्हा हे हात बाईचे आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग बिशपांनी परवानगी दिली, बायकांनीही प्याला द्यावा. झालं! मंडळीत दोन तट पडले. एक म्हणे, शास्त्र बदलत नाही. दुसरा म्हणे, काळ बदललाय. आबा, मंडळीतले सगळ्यात जुने, पहिल्यांचे पुढारी; नवे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, दुसऱ्यांचे. पाळकच मला म्हणाले होते, "ताई, पहिला मान तुमचा." मी नवी साडी नेसून वलवणच्या घरून गेलते.

आबांची रांग उठल्यावर जे पुढं आले, त्यांतल्या माझ्या हातून प्यायल्या फक्त तिघी. प्याला जवळजवळ भरलेलाच राहिला. आमच्यात रीत अशी, की आशीर्वादित द्राक्षारस फेकायचा नाही, बाटलीत परत ओतायचा नाही. देणाऱ्यानं तिथंच संपवायचा. मी वेदीकडं तोंड करून प्यायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "बगा, बाई कशी ढोसतीय." हसले लोक. देवाच्या घरात हसले. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थेंब सांडू दिला नाही.

उपासना संपल्यावर पाळकांनी आतल्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, धीर देतील.

"ताई, मी तुमच्याच बाजूचा आहे. पण जरा सबुरीनं घेऊ. पुढच्या रविवारी नुसतं वाचन करा. चर्च फुटायला नको."

"आणि फडकी कुणी धुवायची?"

"ती तुम्हीच धुवा की."

माझं डोकंच फिरलं. आबा निदान तोंडावर बोलले. ह्यांचं मात्र गरज सरो, वैद्य मरो! एकाला मी विटाळ, दुसऱ्याला मी फोटोपुरती. आणि धुण्याला? धुण्याला मी दोघांनाही चालते.

डागाळलेली फडकी पिशवीत भरली होती. ती काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "साहेब, हात घ्यायचे तर पुरते घ्या. नाहीतर ही आबांच्या घरी धाडा."

फडकी तिथंच पडून आहेत. पाळकांचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. प्याला द्यायच्या परवानगीचं, बिशपांच्या सहीचं पत्र माझ्या नावाचं आहे, ते पर्समध्ये ठेवलंय.

रविवारी मी कठड्याशी उभी राहणार. ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं, उठायचं त्यानं उठावं. उरेल तेवढं मी पिईन. ह्या वेळी मंडळीकडं तोंड करून पिईन.