जांभळं तीर्थ

सगळ्या हैदराबादेत ज्याच्या जांभळावर युनिव्हर्सिटीत संशोधन झालं, असा जूसवाला मी एकटाच. म्हणजे जांभळं माझी, संशोधन युनिव्हर्सिटीतल्या एका मॅडमचं. जूस मॅडम आपल्या हातानं काढायच्या, कारण माझ्या ग्लासात साखरच जास्त असती हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं.

सकाळी विद्यानगरला माझ्या गाड्यावर यायच्या, स्टीलचा डबा पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "जीभ दाखवा." मी दाखवायचो. जांभळी असली की कळायचं, चांगली फळं कुणाच्या पोटात गेली. पन्नाशीचा माणूस रस्त्यात जीभ काढून उभा, लोकांना वाटायचं डॉक्टरीण आहे.

दुसरं त्यांचं नेहमीचं, "वाटलं ते नको, झालं ते सांगा."

मी एकदा छाती फुगवून म्हणलं, "मॅडम, हा जूस पिऊन बायकोची सर्दी गेली."

"किती दिवसांनी?"

"आठवड्यानं."

"आणि जूस न पिता?"

"मागच्या खेपेला? आठवड्यानंच."

"मग सर्दी आपल्या पायानं गेली, अहो."

तुम्ही पण पाहिली असतील अशी माणसं. आपल्या फुग्याला टाचणी लावतात आणि वर आपल्यालाच बरं वाटतं.

गाड्यावर मी बोर्ड लावला होता, 'जांभळाचा जूस प्या, इम्युनिटी वाढवा'. मॅडमना तो बोर्ड डोळ्यात कुसळ गेल्यासारखा खुपायचा. "अहो, रक्तात वॉचमन असतात असं समजा. नुसते चेतवून काय उपयोग? फार चेतले तर घरच्यांनाच काठी मारतात. जांभळाचा रंग, तुरटपणा, ज्या द्रव्यांमुळं येतो ना, त्यांनी काही वॉचमन जागे होतात, काही शांत होतात. हे प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतलं झालं. माणसाच्या पोटात गेल्यावर काय होतं, ते अजून नीट कळलेलं नाही."

"मॅडम, एवढं बोर्डावर मावत नाही," मी म्हणलं.

पण एक गोष्ट मला डाचायची. रोज जांभळं नेणारी ही बाई माझा जूस एक घोटही पीत नव्हती. काढलेला ताजा ग्लास पुढं केला की हात मागं घ्यायची. समोरच्या लस्सीवाल्यानं ते बरोबर हेरलं. गिऱ्हाईक माझ्याकडं वळलं की तिकडून हाळी द्यायचा, "अरे मियाँ, पढीलिखी मॅडमच नै पीती इसका जूस, तुम कायकू पीते?" लोक हसायचे, आणि हसत हसत लस्सीकडं जायचे. त्यातच मी गाडा सोडून गाळा घेतला होता. गाळा चालला नाही तर परत गाडा ढकलायची माझी ताकद उरली नव्हती.

मग माझं डोकं चाललं. ते चाललं की घरात सगळे घाबरतात. गाळ्याची सत्यनारायणाची पूजा ठेवली आणि मॅडमना बोलावलं. तीर्थ म्हणून पळीनं हातावर दिलेलं आपल्याकडं कुणी नको म्हणत नाही. मी पंचामृतात जांभळाचा रस ओतला. बायको म्हणाली, "नका हो असलं करू." भटजींनी तांब्यात डोकावून माझ्याकडं असं पाहिलं, जसा मीच नैवेद्यातला खडा.

मॅडम आल्या. पांढरी साडी, पांढरे केस. रांगेत उभ्या राहिल्या. मी काठोकाठ पळी भरली. त्यांनी सवयीनं हात पुढं केला आणि तळहातावर जांभळं तळं झालं.

"हे काय आहे?" अगदी हळू विचारलं.

"तीर्थ."

"ह्यात काय घातलंय तुम्ही?"

"देवाचं आहे मॅडम. नाही म्हणू नये."

मागं रांग थांबली. लस्सीवाला दारात हाताची घडी घालून उभा होता. त्यानं घडी सोडली. मॅडमच्या बोटांतून थेंब साडीवर पडला. मी मनात म्हणत होतो, घ्या, घ्या, एकदा घ्याच. हात तोंडापाशी गेला. ओठ मिटलेलेच. त्यांनी डोळे बंद केले.

मग तो हात कपाळाला लावला, डोक्यावर नेला आणि सगळं तीर्थ केसांत पुसून टाकलं.

पांढऱ्या भांगातून एक जांभळा ओघळ कपाळावर उतरला. "शिरा गरम आहे ना?" त्यांनी माझ्या बायकोला विचारलं आणि दोन घास खाल्ले.

लस्सीवाला मोठ्यानं म्हणाला, "देखे? सर पे डाल लिए, पिए नै!"

मॅडमनी मला मागं साखरेच्या पोत्यांपाशी नेलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या पोटात माझ्या धाकट्या भावाची किडनी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या रक्तातल्या वॉचमनना मी रोज गोळ्या देऊन झोपवते. ते जागे झाले तर तिला परकी समजून मारून टाकतील. म्हणून बाहेरचं कच्चंही मी घेत नाही, आणि जे वॉचमनना हात लावतं तेही नाही."

गप्प बसेन तर मी कसला! म्हणलं, "पण मॅडम, एका पळीनं काय होतंय?"

"बहुतेक काहीच नाही."

"मग?"

"बहुतेक," त्या म्हणाल्या. "अहो, भावाची आहे ती. माझी स्वतःची असती तर प्याले असते."

बाहेर लस्सीवाला अजून हसत होता. त्याचं तोंड बंद करायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य मॅडमचं होतं. माझ्या तोंडात कुठली गोष्ट टिकली अशी ती पहिलीच. दुसऱ्या दिवशी मी बोर्डावरचं 'इम्युनिटी वाढवा' पुसलं. मॅडम आल्या, वाचलं, म्हणाल्या, "आता खरं आहे. जीभ दाखवा."

पुढं रिटायर होऊन त्या पुण्याला भावाकडं गेल्या. जांभळं आली की मी अजून सकाळी त्या कोपऱ्याकडं बघतो, डबा दिसतो का म्हणून.

यंदा एक गृहस्थ गाळ्यावर आले. नाक डिट्टो मॅडमचं. बहिणीचं इथलं घर रिकामं करायला आलो म्हणाले. मला कळलं. तरी विचारलं, "किडनी...?"

"शेवटपर्यंत चालली. हृदय थांबलं."

मी त्यांच्यासाठी जूस काढला, बिनसाखरेचा. ग्लास भरेपर्यंत तोंड चालू ठेवलं. म्हणलं, "साहेब, आमचं पण लई लक्ष होतं मॅडमवर. ती किडनी टिकली त्यात थोडा आमचा पण हात आहे."

त्यांनी ग्लास संपवला, जांभळी जीभ ओठांवरून फिरवली आणि म्हणाले, "किडनी टिकली ती गोळ्यांमुळं. आणि तुमचा जूस तिनं डोक्यावर ओतला म्हणून."